जिम रीव्हजबद्दल कोणी नीट सांगेल का?

म्हापसेकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्या शेजारचे अंकल तारवटी होते, बोटीवरून सुट्टीला आले की रेकॉर्डी आणायचे. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने सगळा गठ्ठा बाबांना दिला, कारण संध्याकाळी दोघं बाल्कांवात बसून तेच ऐकत असायचे. त्यात निम्म्या जिम रीव्हज या इंग्रजी गाणी गाणाऱ्या गायकाच्या. आमचं घर तसं नाट्यसंगीतवालं, पण डिसेंबरात दारोदारी नक्षत्रं लागली की पलीकडून हाच आवाज यायचा आणि मागोमाग नेवऱ्या-दोदोलाचं ताट. बाबांना इंग्रजी फारसं कळत नाही तरी डोळे मिटून ऐकतात. हा माणूस कुठला, विमान अपघातात गेला हे खरं का, आणि गेल्यावरही त्याची नवी गाणी येत होती असं अंकल म्हणायचे ते कसं? चुलतभाऊ सांगतो पॅट्सी क्लाइन या गायिकेबरोबर त्याचं ड्युएट आहे, दोघं एकत्र गायले होते का? बाबांना वाचून दाखवायचंय.

रेकॉर्डवेडा_मडगाव:
ताई, गठ्ठा सांभाळून ठेवा आधी. जन्म २० ऑगस्ट १९२३, अमेरिकेत टेक्सासमधलं गॅलोवे नावाचं खेडं. वडील तो तान्हा असतानाच गेले, आईने शेतात राबून पोरं वाढवली. त्याला व्हायचं होतं बेसबॉलपटू, सेंट लुइस कार्डिनल्सच्या खालच्या संघात बॉल टाकायचा, पण पायाची नस दुखावली आणि ते संपलं. मग रेडिओवर निवेदक झाला, माझ्या मते सगळं तिथेच घडलं, कारण रेडिओवाल्याला कळतं की ऐकणारा एकटा बसलेला असतो. १९५३ मध्ये 'मेक्सिकन जो' गाजलं, १९५५ मध्ये आरसीए व्हिक्टर ही रेकॉर्ड कंपनी मिळाली आणि नॅशव्हिल शहरातला ग्रँड ओल ऑप्री हा कंट्रीचा, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताचा, रेडिओ कार्यक्रमही.

अपघात खरा आहे. ३१ जुलै १९६४, अर्कान्सामधून नॅशव्हिलला परतताना छोटं विमान स्वतः चालवत होता, बरोबर त्याचा पियानोवाला डीन मॅन्युएल. नॅशव्हिलजवळ वादळी पावसात विमान पडलं, दोन दिवस शोधाशोध चालली तेव्हा सापडले. एक्केचाळिसावा वाढदिवस वीस दिवसांवर होता. तुमच्याकडे नाताळाची जी गाणी वाजतात तो अल्बम १९६३ चा, म्हणजे त्याला त्या गाण्यांचा एकच नाताळ मिळाला, हे कळल्यापासून मला ती पहिल्यासारखी ऐकवत नाहीत.

अंत्रुजकर:
आवाजाबद्दल मी सांगतो. आपल्याकडे नाटकात माइक नव्हता तेव्हा गाणाऱ्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागायचा, तीच सवय पुढेही राहिली, आणि भावगीत आलं ते रेडिओ-माइकबरोबर, तिथे कानाशी बोलल्यासारखं गाता यायला लागलं. रीव्हजचं अगदी हेच. सुरुवातीची गाणी ऐका, वरच्या पट्टीत, उंच आवाजात, गावच्या नाचाला शोभतील अशी. १९५७ मध्ये 'फोर वॉल्स' आलं. निर्माता चेट अ‍ॅटकिन्सला ते बाईने गायचं गाणं वाटत होतं, पण रीव्हजने हट्ट धरला आणि ओठ जवळजवळ माइकला लावून खर्जात गायला. तिथून तो वेगळाच गायक झाला. 'ही'ल हॅव टू गो' मध्ये तर गोष्टच फोनची आहे, बारमधून तो तिला फोन करतोय, तिच्याजवळ दुसरा कोणी बसलाय, आणि हा म्हणतो फोन जरा तोंडाजवळ धर. बिली ब्राऊनने ते आधी गायलं होतं, चाललं नाही. रीव्हजचं १९६० मध्ये चौदा आठवडे कंट्रीच्या यादीत पहिलं होतं. बाबांना शब्द कळत नसतील पण जवळून बोलणं कळतंय ना, तेच तर गाणं आहे.

गिटारवाला_वास्को:
माफ करा पण मला हे कंट्री वाटतच नाही. जुना कंट्री गायक हँक विल्यम्स ऐका, फिडल आणि स्टील गिटार ऐका, त्यात माती आहे. रीव्हजमागे पियानो आणि कोरस लावून सगळं गुळगुळीत केलं.

अंत्रुजकर:
बाब, गुळगुळीत म्हणा हवं तर, पण तो मातीतूनच आला होता आणि जाणूनबुजून तिकडे वळला. संथ, स्पष्ट उच्चार आणि मागे कमी गोंगाट, म्हणून तर इंग्रजी तोडकंमोडकं असणाऱ्यालाही तो पोचला. दक्षिण आफ्रिकेत तो इतका लाडका होता की त्याने तिथल्या आफ्रिकान्स भाषेत गाणी गायली. हँकची थोरवी कमी होत नाही त्याने.

रेकॉर्डवेडा_मडगाव:
राहिलेला प्रश्न. त्याची न निघालेली बरीच रेकॉर्डिंग होती, ती पत्नी मेरी आणि कंपनीने हळूहळू काढली. 'डिस्टंट ड्रम्स' तर नुसतं नमुन्यादाखल गायलेलं, त्यावर मागाहून वाद्यं चढवली आणि १९६६ मध्ये, बीटल्सच्या जमान्यात, ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिलं राहिलं. पॅट्सीबरोबर मात्र तो एकत्र गायलेला नाही. तीही मार्च १९६३ मध्ये विमान अपघातातच गेली. दोघांचे आवाज टेपवर वेगळ्या ट्रॅकवर होते, ते १९८० नंतर काढून, सूर-लय जुळवून एकत्र बसवले. ऐकायला गोड आहे, पण मला तिथे गलबलतं.

आणि पावसाळ्याची बुरशी असेल तर डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एक थेंब, मऊ कपडा, खाचांच्या दिशेनेच पुसा, मधल्या लेबलला पाणी लावू नका, सुकल्यावर उभ्या ठेवा, एकावर एक नको. 'ही'ल हॅव टू गो' ची छोटी रेकॉर्ड आहे का बघा. ते गाणं मुळात मागच्या बाजूला टाकलेलं, पुढचं दुसरंच होतं, रेडिओवाल्यांनी उलटून वाजवायला सुरुवात केली.

म्हापसेकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवण झाल्यावर बाबांना वाचून दाखवलं, दोन दिवस शोधत होते ते ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. ती छोटी रेकॉर्ड आहे! उजेडात धरून पाहिली, एक बाजू नवीकोरी, काळी कुळकुळीत, आणि फोनच्या गाण्याची बाजू पार पांढुरकी झालीय घासून. बाबा म्हणाले दुसरी बाजू अंकलनी कधी लावलीच नाही, त्यावर काय आहे ते आम्हाला आज रात्री पहिल्यांदा कळलं.