मदत हवी आहे : फुरसं की मांजऱ्या? (खारघर)

मंडळी, आमची सोसायटी डोंगराच्या पायथ्याला आहे. मागच्या भिंतीलगत बांधकामाचा राडारोडा अजून तसाच पडलाय. परवा माळीमामा तिथलं गवत काढत असताना दगडाखाली दीड वीत लांबीचा साप दिसला. मातकट रंग, पाठीवर फिकट ठिपके, दोन्ही कुशींना नागमोडी पांढरट रेघ. पळाला नाही. जागच्या जागी वेटोळी एकमेकांवर घासत राहिला आणि तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चरचर आवाज. सर्पमित्र पोहोचेपर्यंत दगडांत गडप झाला. फोटो हललेला आहे.

ग्रुपवर निम्मे म्हणतात मांजऱ्या (सौम्य विषाचा साप) आहे, दुर्लक्ष करा. बाकीचे म्हणतात फुरसं (जहाल विषारी साप) आहे, दिसलं की ठेचा. मला दोन्ही पटत नाही. माझं माहेर देवगडचं, फुरशाची धास्ती ठाऊक आहे. पण म्हणून मारायचं?

ओळख पक्की कशी करायची? माळीमामा उघड्या हातांनी दगड उचलतात, त्यांची फार काळजी वाटते. आणि धाकटे दीर मस्कतला असतात, तिथेही फुरसं असतं म्हणे. आपल्याकडचं सर्पदंशावरचं इंजेक्शन त्यांना पाठवून ठेवावं का?

कातळवाट : ताई, आवाजावरून फुरसंच. कुशीचे खवले करवतीसारखे असतात, ते घासून तो आवाज येतो; मांजऱ्याचे खवले गुळगुळीत. फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी खूण, शेपूट आखूड. मांजऱ्याची शेपूट लांब, निमुळती. फुरसं पिल्लंच घालतं, त्यामुळे आसपास आणखी असू शकतील. पावसात झुडपांवरही चढतं, तेव्हा नुसती जमीन बघून हात घालू नये. मामांना गमबूट, जाड चामडी हातमोजे आणि दगड उलटवायला पहार द्या.

चावलं तर आवळून बांधणं, चिरा देणं अजिबात नको. हातपाय न हलवता थेट रुग्णालय, 108 ला फोन. या विषाने रक्त गोठणं बिघडतं. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला कधीकधी वेळ लागतो, म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबू नये. रुग्णालयात काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटं ठेवून गोठतंय का पाहतात. आपली लस (म्हणजे चावल्यावर द्यायचं प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते. जवळच्या कुठल्या रुग्णालयात ती असते, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

दिरांना इथून काही पाठवू नका. फुरशाच्या, म्हणजे एकिस गटाच्या, दहाहून अधिक जाती आहेत. भारतात एकच, एकिस कॅरिनेटस. ओमानमध्ये तिच्या जोडीला एकिस ओमानेन्सिसही आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या जातीवर भारतीय लस नीट लागू पडली नव्हती. ओमानमधले डॉक्टर तिथलीच लस देतील.

धागाकर्ती : खूप आभार. हातमोजे आजच आणते. राडारोडा उचलायला जेसीबी लावला तर पिल्लं चिरडतील, म्हणून हातानेच काढायचं म्हणतेय. त्या वेळी सर्पमित्र दिवसभर थांबतात का? कोणी असं करून घेतलंय?