शिझुओकाने मॅग्लेव्ह रेल्वे इतकी वर्षे कशी रोखून धरली?

प्रश्न
जपानच्या चुओ शिनकान्सेन या मॅग्लेव्ह (चुंबकीय बलाने रुळांवर अधांतरी धावणारी अतिवेगवान रेल्वे) मार्गाविषयी वाचताना एक गोष्ट मला उलगडलेली नाही. टोकियो ते नागोया हा मार्ग सुमारे २८६ किलोमीटरचा आहे आणि त्यातील दहा किलोमीटरच्या आसपासचा तुकडाच शिझुओका प्रांतातून, तोही डोंगराच्या पोटातून जातो. तरीही त्या प्रांताच्या गव्हर्नरांनी संमती न दिल्यामुळे जेआर सेंट्रल या रेल्वे कंपनीला मार्च २०२४ मध्ये मार्ग २०२७ मध्ये सुरू करण्याचे उद्दिष्ट सोडावे लागले. केंद्र सरकारने प्रकल्प मंजूर केलेला असताना एका प्रांताला हे बळ कोठून मिळाले? आणि विरोध खरोखर पाण्यासाठी होता, की स्थानक न मिळाल्याचा रोष होता?

प्रतिसाद १
बळ मिळाले ते नदीविषयक कायद्यातून. बोगदा ओइ नदीच्या उगमाकडील भागाखालून जातो आणि त्यासाठी गव्हर्नरांची परवानगी लागते. बोगद्यात पाणी झिरपल्यामुळे नदीचा प्रवाह सेकंदाला दोन घनमीटरपर्यंत घटू शकेल, असा अंदाज कंपनीनेच २०१३ मध्ये दिला होता. खालच्या खोऱ्यातील पिण्याचे पाणी, शेती आणि उद्योग याच नदीवर अवलंबून आहेत. शिवाय वीजनिर्मितीसाठी पाणी वळवल्यामुळे पात्र कोरडे पडल्याचा अनुभव तेथील लोकांनी आधीच घेतला होता आणि ते पाणी परत मिळावे म्हणून १९८० च्या दशकात आंदोलनही केले होते. अशा खोऱ्यात ‘काळजी करू नका’ एवढ्या आश्वासनावर कोण विसंबेल? पुढे कंपनीने सर्व पाणी नदीत परत सोडण्याचे मान्य केले, परंतु खोदकाम चालू असताना शेजारच्या यामानाशी प्रांताकडे वाहून जाणाऱ्या पाण्याचे काय, यावर वाद अडला. वरच्या अंगाच्या ताशिरो धरणातून वीजनिर्मितीसाठी घेतले जाणारे पाणी तेवढ्याच प्रमाणात कमी करण्याचा तोडगा त्यातून निघाला.

प्रतिसाद २
स्थानकाचा रोष नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. टोकियोहून नागोयामार्गे ओसाकाला जाणाऱ्या जुन्या तोकाइदो शिनकान्सेन या वेगवान रेल्वेची सहा स्थानके शिझुओकात आहेत, पण सर्वांत जलद नोझोमी गाडी त्यांपैकी एकाही स्थानकावर थांबत नाही; नव्या मार्गावर तर स्थानकच नाही. मात्र रोष असला म्हणून पाण्याची चिंता खोटी ठरत नाही. नागासाकीकडे जाणाऱ्या शिनकान्सेनबाबत सागा प्रांतातही असाच पेच आहे. जुन्या मार्गाच्या आणि शिनकान्सेनच्या अशा रुळांच्या दोन्ही रुंदींवर धावू शकणारी गाडी येणार, या गृहीतावर त्या प्रांताने होकार दिला होता. ते तंत्रज्ञान जमले नाही आणि सरकार पूर्ण शिनकान्सेन मार्गाकडे वळले. तेव्हा वेळेची बचत थोडी, खर्चाचा वाटा मोठा आणि जुन्या मार्गावरील गाड्यांचे भवितव्य अनिश्चित, असा हिशेब सागासमोर आला. त्यामुळे सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या नागासाकीच्या मार्गावर प्रवाशांना ताकेओ-ओन्सेन येथे गाडी बदलावी लागते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग असे अधिकार प्रांतांकडून काढून केंद्राकडे द्यावेत का?

प्रतिसाद ३
माझ्या मते देऊ नयेत. ब्रिटनमध्ये एचएस२ या अतिवेगवान रेल्वे प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याला संसदेने २०१७ मध्ये कायदा करून मंजुरी दिली, त्यामुळे स्थानिक परिषदांना प्रकल्प थांबवता आला नाही. परंतु विरोध शमला नाही. एकही स्थानक नसलेल्या चिल्टर्न टेकड्यांखालून १६ किलोमीटरचा बोगदा काढावा लागला आणि जून २०२१ मध्ये त्याच भागातील चेशम व ॲमरशॅमची पोटनिवडणूक सत्ताधारी पक्षाने गमावली. तेथे इतर मुद्दे होते, पण एचएस२ ठळक होता. लोकांच्या हातातील कायदेशीर मार्ग बंद केला, की तोच विरोध खर्चात आणि मतपेटीत उतरतो. शिझुओकात आधीच्या गव्हर्नरांच्या राजीनाम्यानंतर मे २०२४ मध्ये निवडून आलेले गव्हर्नर प्रकल्पाला अनुकूल आहेत, तरी ओइचे पाणी आणि बोगदा ज्याखालून जातो त्या दक्षिण आल्प्स या जपानी पर्वतरांगेचा निसर्ग सांभाळण्याची अट त्यांनीही सोडलेली नाही. म्हणून हा सारा विरोध एका माणसाच्या हट्टापुरता होता, हे मत मला मान्य नाही.