मृत्यूचं कारण : 'दात'?

वैशाली_दांडियाबाजार
बडोद्यातल्या आमच्या वाड्याची वाटणी होताना पणजोबांच्या वडिलांची मोडीतली वही हाती लागली. जाणकाराकडून वाचून घेतली. शेवटच्या पानावर घरातले जन्म-मृत्यू आहेत. अकरा मुलं झाली, सहा गेली. दोघांपुढे 'देवी', एकीपुढे 'घसा', तिघांपुढे नुसतं 'दात'. माझी लेक मँचेस्टरला असते. तिने तिथल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मृत्यूनोंदी चाळल्या, तर त्यांतही 'टीदिंग', म्हणजे दात येणं, हेच कारण कितीदा तरी. दात येऊन मूल कसं जाईल? आपलीच लेकरं ही, डोक्यातून जात नाहीत.

बालवैद्य_इंदूर
ताई, दातांनी कुणी दगावत नाही. पण दात येण्याचं वय तेच अंगावरचं दूध तुटण्याचं. वरचं दूध सुरू झालं की जुलाब, मग अंगातलं पाणी जाऊन आकडी. आईला दिसायची ती सुजलेली हिरडी. इंग्लंडात दुधाच्या बाटलीला लांब रबरी नळी असे, ती आतून धुताच यायची नाही. डॉक्टर हिरडीला चिरा देत, दातांच्या पुडीत पारा घालत. मूल शांत राहावं म्हणून तिकडे 'गॉडफ्रेज कॉर्डियल', आपल्याकडे बाळगोळी. दोन्हींत अफू. माझ्या आजीच्या फडताळात ती डबी मी स्वतः पाहिली आहे.
'घसा' म्हणजे बहुधा घटसर्प. राणीची मुलगी अ‍ॅलिस १८७८ मध्ये त्यानेच गेली. त्याच्या महिनाभर आधी तिची चार वर्षांची मुलगी मे गेली होती. त्यावरचं औषध १८९० नंतर आलं.
त्या तीन नोंदींचे महिने बघाल का? जुलाबाची साथ तिकडे भर उन्हाळ्यात असे, इकडे पावसाळ्यात.

लष्कर_ग्वाल्हेर
घसा म्हणजे स्कार्लेट फीवरही असू शकेल, घसा सुजून अंगावर लाल पुरळ येतो तो ताप. इंग्लंडातल्या कार्लाइलच्या मोठ्या चर्चचे प्रमुख, डीन टेट, यांच्या पाच मुली त्याने १८५६ च्या मार्च-एप्रिलमध्ये गेल्या. पाच आठवड्यांत पाच! देवीच्या लशीची सक्ती तिथे १८५३ लाच झाली होती, म्हणून तेवढं तरी टळलं असेल.

वैशाली_दांडियाबाजार
डॉक्टरकाका, आत्ता वही पुन्हा काढली. दोन आषाढातले, एक श्रावणातला. तिसऱ्याच्या नावाखाली 'दूध रतीब' असे दोन शब्द आहेत. गवळ्याचा हिशोब समजून मी ते सोडून दिले होते.