मदत हवी आहे: सिगारेट केसवरचा बॅज कोणत्या पलटणीचा?

मंडळी, एका जुन्या पितळी सिगारेट केसच्या झाकणावर ब्रिटिश बॅज डाख देऊन बसवलाय. पेटता हातगोळा, त्यावर मुकुट. मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या नाहीत, गोलसर आहेत. म्हणजे ट्यूडर मुकुट, राणी एलिझाबेथ १९५२ साली गादीवर आली त्याआधीच्या घडणीचा. इथवर जमलं. पण पेटता हातगोळा ग्रेनेडियर गार्ड्स आणि रॉयल फ्युझिलियर्स या दोन्ही ब्रिटिश पलटणींचा! गोळ्यावरची नक्षी पार झिजलीय, भिंगातून फक्त पट्ट्यासारखं कडं दिसतं. त्यात फ्युझिलियर्सच्या बॅजवर असायचा तसा गुलाब होता की काय, कसं ओळखायचं?

शिवाय आतल्या बाजूला सरकारी मालावर असायचा तो बाणाचा छाप आहे. खासगी सिगारेट केसवर तो कशाला? मला तिथेच शंका येते. पॉलिश अजून लावलेलं नाही. कुठल्या बाजूचे फोटो टाकू?