नऊ वर्षांच्या मुलीसाठी कयाकचं पॅडल घ्यायचंय, किती लांबीचं घेऊ?

फोंड्याची_आई

नमस्कार मंडळी, लेकीसाठी पॅडल घ्यायचंय म्हणून विचारतेय. वय ९, उंची १२८ सेमी, अंगाने बारीक. आत्तापर्यंत भाड्याच्या डबल कयाकवर माझ्या पुढे बसायची. तिथे लहानमोठ्या सगळ्यांना एकच २३० सेमीचं अ‍ॅल्युमिनियमचं पॅडल देतात, ते तिला पेलतच नाही, थोड्या वेळात मनगट दुखतं म्हणते आणि पॅडल मांडीवर आडवं ठेवून नुसती बसून राहते. आता तिच्यापुरती सिट-ऑन-टॉप (आत न शिरता वर उघड्यावर बसायची कयाक) घेतलीय, रुंदी ७० सेमी. ऑनलाइन बघितलं तर १८०, १९०, २०० असे आकडे आणि कुठे २१० वर पण किड्स लिहिलेलं. घरातून म्हणणं असं की २१० च घेऊन टाकू, वाढती पोर आहे, परत परत खर्च नको. मला ते पटत नाहीये पण का ते नेमकं सांगता येत नाही. मुलांना घेऊन जाणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. आम्ही गोव्यातच नेरूल नदीत आणि चोडण बेटाच्या बाजूला जाणार, समुद्रात नाही.

खारफुटी

ताई, तुम्हाला पटत नाहीये तेच बरोबर आहे, २१० नकोच. पॅडल लांब असलं की पातं होडीपासून दूर पाण्यात पडतं, मग दर फटक्याला होडी पुढे सरकायच्या ऐवजी वळते, मूल नागमोडी जात राहतं आणि आपण समजतो की याला जमत नाहीये. शिवाय टोकाचं वजन हातापासून जितकं लांब तितका खांद्यावर ताण जास्त. मोठ्या मापाचा फ्रॉक एक वेळ चालतो, पॅडल नाही चालत.

साधारण हिशोब असा धरतात की १२० सेमीच्या आतल्या मुलांना १८० च्या आसपास, १२० ते १४० ला १९० ते २००, त्याच्या वर २०० ते २१०. पण हा नुसता अंदाज, कारण होडीत मूल उभं नसतं, बसलेलं असतं, त्यामुळे खरं माप म्हणजे बसल्यावर कमरेपासून खांद्यापर्यंत किती आणि होडी किती रुंद. तुमच्या ७० सेमीला १८० आखूड पडेल, पातं बुडवायला तिला दरवेळी कुशीवर वाकावं लागेल आणि बोटांची पेरं होडीच्या कडेला घासतील. मी १९० म्हणेन.

घेण्याआधी एक करा. होडी अंगणात नाहीतर वाळूवर ठेवा, लेकीला लाइफ जॅकेट घालूनच आत बसवा (जॅकेटने हात थोडे वर येतात, ते मापात धरायला हवं) आणि १९० सेमीचा हलका बांबू किंवा पीव्हीसी पाइप हातात द्या. तो डोक्यावर आडवा धरायला लावा, दोन्ही कोपरं काटकोनात, तिथे हात येतात तीच तिची पकड, चिकटपट्टीने खूण करा. मग वल्हवायला लावा. पाइपाचं शेवटचं साधारण ४५ सेमी म्हणजे पातं, तेवढा भाग न वाकता कडेपलीकडे खाली जातोय का बघा. जात असेल तर झालं.

भरती_ओहोटी

लांबीचं वर आलंच आहे पण मुलांच्या बाबतीत मला वाटतं दांड्याची जाडी जास्त महत्त्वाची आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही. मोठ्यांचा दांडा २९-३० मिमीचा असतो, लहान मुठीत तो पूर्ण मावत नाही मग मूल तो आवळून धरतं आणि मनगट दुखतं ते त्यामुळेच. मुलांचा २५-२६ मिमीच्या आसपास मिळतो. अंगठा आणि पहिलं बोट दांड्याभोवती सहज टेकलं पाहिजे. काही ठिकाणी मोठ्यांचंच पॅडल कापून आखूड करून किड्स म्हणून विकतात, दांडा तोच, पातं तेवढंच, ते घेऊ नका. पातं पण लहान हवं, मोठं पातं जास्त पाणी ओढतं आणि ती ताकद ९ वर्षांच्या खांद्यात नसते.

वजन ७०० ग्रॅमच्या आसपास मिळालं तर उत्तम. फायबरग्लासचा दांडा परवडला तर घ्या, अ‍ॅल्युमिनियम स्वस्त असतं पण उन्हात चटका बसतो आणि खाऱ्या पाण्याने जोड अडकतो. घरी आल्यावर दोन तुकडे वेगळे करून गोड्या पाण्याने धुवायचे, हे अजिबात चुकवू नका.

फोंड्याची_आई

खूप आभार दोघांचे 🙏 मनगटाचं तर लक्षातच आलं नव्हतं, आज बघितलं, तिचं बोट आणि अंगठा यात चांगलंच अंतर राहतं. अजून दोन शंका. कधीकधी डबल कयाकवर ती मधल्या सीटवर बसते, तिथे हेच चालेल का? आणि लांबी कमीजास्त करता येणारी पॅडलं असतात ती घ्यावीत का?

खारफुटी

मधल्या सीटवर होडी सगळ्यात रुंद असते, डबल म्हणजे ८० च्या पुढे, तिथे १९० तोकडं पडणार. तिला पुढे बसवा, टोकाकडे होडी निमुळती होते. आणि लय तिची, तुम्ही मागून तिच्या फटक्याला फटका जुळवायचा, तिने तुमच्यामागे धावायचं नाही.

लांबी बदलणारं घ्यायला हरकत नाही, १०-१५ सेमीने वाढतात, घरातल्यांचा वाढीचा मुद्दा पण सुटेल. फक्त दांडा बारीक आहे ना आणि जोड हलत नाही ना ते बघून घ्या. जोडावर पात्यांचा कोन बदलायची सोय असते, तो शून्यावर ठेवा, म्हणजे दोन्ही पाती एका रेषेत, लहान मुलाला मनगट फिरवत बसायला नको.

चोडणच्या खारफुटीत अरुंद नाल्यांमधून जाताना आखूड पॅडलचाच फायदा, मुळांत अडकत नाही. फक्त भरती चढत असताना आत जा, ओहोटीला चिखलात बसाल आणि मुलं पॅडलने चिखल ढकलून होडी काढायला बघतात, त्यात पातं मोडतं. कालवं चिकटलेल्या खडकांवर पण पातं टेकवू देऊ नका, कडा फाटतात. आणि कुंभारजुवेच्या कालव्यात लेकीला नेऊ नका, तिथे मगरी आहेत.

भरती_ओहोटी

सकाळी लवकर जा. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, परतताना तो समोरून आला तर मोठ्यांची पण दमछाक होते.

फोंड्याची_आई

पाइपाने मापून बघितलं, १९० बरोबर बसतंय, न वाकता पोचतंय दोन्हीकडे. २६ मिमी दांड्याचं, १९० वरून २०० करता येणारं एक बघून ठेवलंय. पात्याची एक कड लांब आणि एक आखूड दिसतेय, ते डिफेक्ट तर नाही ना?

खारफुटी

नाही नाही, तसंच असतं. पातं पाण्यात तिरकं शिरतं म्हणून तसा आकार देतात. लांब कड वर आणि खोलगट बाजू स्वतःकडे. मुलं हमखास उलटं धरतात, म्हणून दांड्यावर वरच्या बाजूला रंगीत टेप लावून द्या.