रे: सुट्टीत मिस्सा का चुकते?

वर ताईंनी लिहिलंय की मे महिन्यात धर्मशिक्षण बंद, कॉयरमधले (चर्चच्या गायकवृंदातले) अर्धे गावाला, आणि देवासाठी वेळच उरत नाही. कॉयरचं पटलं, वेळेचं नाही. ताई, रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) शनिवारी संध्याकाळी केली तरी चालते, ती रविवारचीच धरतात, आणि आपल्या ठाण्यात रविवारी मेगाब्लॉक असला की तेच बरं पडतं (चर्चला जायला लोकल लागत नसेल त्यांनी हसू नये). गावाला गेलात तर तिथल्या चर्चमध्ये जा, वसई असो नाहीतर कोकण, त्या रविवारची बायबलमधली वाचनं सगळीकडे साधारण तीच असतात म्हणजे धागा तुटत नाही.

आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त घडतं ते याच दिवसांत. मे महिना मारियामातेचा, जून येशूच्या पवित्र हृदयाचा. पेंटेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो सण) तर इस्टरचा रविवार धरून पन्नासाव्या दिवशी, म्हणजे कधीही आला तरी 10 मे ते 13 जूनच्या मधेच, नेमका आपण सामान बांधून निघालेलो असताना. आमच्या बिल्डिंगमध्ये मे महिन्यात रोज एकेका घरी मारियामातेची जपमाळ होते, पाच दशकांना (दहा-दहा प्रार्थनांच्या पाच गटांना) वीसेक मिनिटं, नंतर कोकम सरबत, पोरं त्यासाठीच येतात, येऊ देत की.

सुट्टीत वेगळं शिबिर काढायचं कोणीतरी सुचवलंय त्याला मात्र माझा विरोध, येशूने पण शिष्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या म्हटलं होतं, बायबलमध्ये मार्क 6:31 बघा.