सहजीवी शैवालाने ऊनरोधक जनुके गमावली, की सोडून दिली?

मूळ धागा (मालवण)
वैशाखात भर दुपारच्या ओहोटीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या खडपांत, गुडघाभर पाण्यात जे तपकिरी पोवळे दिसते, त्याचा रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. या शैवालाला ऊन हवे असते, त्यातले अतिनील किरण मात्र नको असतात. ते किरण शोषून घेणारी मायकोस्पोरीनसदृश अमिनो आम्ले ज्या चार जनुकांमुळे तयार होतात, ती 2010 मध्ये एका नीलहरित शैवालात ओळखली गेली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पोवळ्यांतल्या या सहजीवी शैवालाच्या ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या वंशगटांपैकी ए आणि सी गटांत हा जनुकपुंज शाबूत आढळला, बी गटात मात्र तो नाहीसा झालेला होता. माझ्या मते ही काटकसर आहे. अक्रोपोरा पोवळ्याच्या स्वतःच्या जनुकसंचातही 2011 साली तीच चार जनुके सापडली. घरमालकाने छप्पर घातल्यावर भाडेकरू छत्री कशाला सांभाळील?

प्रतिसाद (देवगड)
उपमा गोड आहे, पण तीच आपल्याला फसवते. नेमॅटोस्टेला हे समुद्रफूल खाजणातल्या चिखलात राहते, त्याच्या अंगात सहजीवी शैवाल नसते, तरीही ही जनुके त्याच्याकडे आहेत. म्हणजे छप्पर भाडेकरूसाठी घातलेले नाही. शिवाय आपला घरमालक, म्हणजे तपासलेले अक्रोपोरा, जपानमधल्या ओकिनावाचा, तर बी गटाचे जे शैवाल तपासले गेले ते कॅरिबियन पट्ट्यातल्या दुसऱ्याच पोवळ्यातले. अक्रोपोरात बहुधा सी गटाचे शैवाल वस्तीला असते आणि नेमक्या त्याच गटाने छत्री जपली आहे, याचा मेळ आपण कसा घालणार?

प्रतिसाद (रत्नागिरी)
जनुक असणे आणि द्रव्य बनणे यांत अंतर आहे. प्रयोगशाळेत पोवळ्याविना वाढवल्यावर ए गटाच्या शैवालात हे द्रव्य आढळले, बी आणि सी गटांत आढळले नाही. सी गटाची छत्री निदान तिथे तरी मिटलेलीच होती.

मूळ धागाकर्ता
भाडेकरू मी मागे घेतो, काटकसर नाही. आपल्या किनाऱ्यासारखे पाणी गढूळ असेल तर अतिनील किरण फार खोल जात नाहीत, आणि अशा ठिकाणी ही जनुके गळून पडली तरी शैवालाचे फारसे बिघडत नाही.

प्रतिसाद (देवगड)
गढूळपणाचा भर पावसाळ्यात. मार्गशीर्षात मालवणचे पाणी इतके निवळते की पर्यटक पोवळी पाहायला उतरतात. तेव्हा त्या शैवालाने काय करावे?